‘नोंद नाही’ची मुदत

२२ मे २००३ रोजी ‘मेमकॅश्ड’ नावाची संगणकप्रणाली पहिल्यांदा सर्वांसाठी उपलब्ध झाली. एकाच डेटाबेसकडे पुन्हा पुन्हा धाव घेण्याऐवजी नुकतीच मिळालेली उत्तरे अनेक सर्व्हरांच्या स्मृतीत वाटून ठेवायची, हे तिचे काम. एवढे कोणालाही पडताळून पाहता येईल. पुढे जे घडले त्यात ती प्रणाली वापरलेली नव्हती. तिची कल्पना तेवढी घेऊन एका बाईने आपल्या कार्यालयापुरती तशी व्यवस्था स्वतः लिहिली होती. म्हणून चूकही आपली एकटीची, असे ती म्हणते. तिचे हे म्हणणे मी तपासून पाहिले आहे आणि ते मला पूर्णपणे मान्य नाही. परंतु तिची समजूत काढण्यात आजवर कोणालाही यश आलेले नाही.

कार्यालयात तिला सगळे ‘पटकनबाई’ म्हणतात. तिच्या तोंडी ‘पटकन’ हा शब्द सतत असतो. ती चहा वाफ जिरायच्या आत संपवते, जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढते आणि समोरच्याचे वाक्य त्याच्याआधी पुरे करते. तिच्या सासूबाईंच्या मते, “हिला दूध तापायच्या आधी उतू गेलेलंही चालेल, पण वाट बघायला लावू नका.” नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, आणि घाई केली की काच तडकते हे तो लग्नापासून तिला सांगत आला आहे.

कार्यालयाचे काम मात्र वाट पाहण्याचेच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी काही बालगृहे बंद झाली, तिथल्या मुलांची वाटणी दुसऱ्या घरांत, दुसऱ्या गावांत, दत्तक कुटुंबांत झाली आणि भावंडे एकमेकांना दुरावली. ती मोठी झाल्यावर एकमेकांना शोधता यावीत यासाठी हे शोधकार्यालय निघाले. ज्याला सापडायचे आहे त्याने आपला पत्ता नोंदवावा. ज्याला शोधायचे आहे त्याने हव्या त्या व्यक्तीचा बालगृहातला दाखल क्रमांक सांगून विचारावे. कार्यालय स्वतःहून कोणालाही काहीही कळवत नाही. हा नियम कठोर वाटतो, पण त्यामागे अनुभव आहे. सुरुवातीच्या काळात कार्यालयाने काहीजणांना आपणहून पत्रे पाठवली होती आणि ज्यांनी आपले लहानपण सासरी किंवा मुलाबाळांपासून लपवले होते, त्यांचे संसार त्या पत्रांनी हादरले. तेव्हापासून विचारील त्यालाच उत्तर, अशी रीत पडली.

शाखा अनेक, डेटाबेस एक, आणि तोही मुख्य कार्यालयात. सकाळी सगळ्या खिडक्या एकदम उघडत आणि प्रत्येक प्रश्न त्या एका ठिकाणी जाऊन रांगेत उभा राही. पडद्यावर गोल फिरत राही आणि माणसे खिडकीच्या कठड्याला धरून त्या गोलाकडे पाहत. बहुतेकांना शेवटी दोनच शब्द मिळत : नोंद नाही.

पटकनबाईची खोली वरच्या मजल्यावर. रुजू झाल्यावर पहिले काही दिवस ती मुद्दाम खाली येऊन खिडकीजवळ उभी राहिली होती. तिथल्या काकांना ते आठवते. काका म्हणजे खिडकीवरचे जुने कारकून, निवृत्तीला आलेले, जिभेने तिखट आणि मनाने मऊ.

“काय बघताय बाई?” त्यांनी विचारले होते.

“किती वेळ लागतो ते.”

“कशाला? उत्तर तर ठरलेलं असतं. दहातल्या नवांना नाहीच मिळणार.”

“मग ते ‘नाही’ तरी पटकन मिळू दे ना, काका. नाहीच ऐकायचं असेल तर माणसानं ते इतका वेळ ताटकळत का ऐकावं?”

हे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण पुढचे सगळे त्यातून आले. तिच्या कामाचे मूळ कणवेत होते, वेगाच्या हौसेत नव्हते. आज ती स्वतःला बोल लावते तेव्हा हे विसरते.

तिने प्रत्येक शाखेच्या सर्व्हरला थोडी स्मृती राखून दिली. एकदा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी मुख्य डेटाबेसपर्यंत जायला नको. काकांनी ही व्यवस्था खिडकीवरच्या इतरांना एका वाक्यात समजावली : “यंत्राला उत्तरं पाठ करायला लावलीत.” पाठ केलेले उत्तर जुने होण्याचा धोका असतो, हे पटकनबाईला चांगले ठाऊक होते. कोणी पत्ता बदलला की त्या नोंदीचा क्रमांक घेऊन सगळ्या शाखांना एक निरोप जाई : ‘हे विसरा.’ ते सगळे विसरत आणि पुढच्या प्रश्नाला ताजे उत्तर आणत. शिवाय प्रत्येक उत्तराला मुदत होती. जे उत्तर वारंवार विचारले जाते ते हाताशी राहावे, म्हणून प्रत्येक वाचनागणिक त्याची मुदत नव्याने सुरू होई. इथवर सारे चोख होते.

तरीही सकाळची गर्दी पुरेशी हटेना. तिने मोजून पाहिले तेव्हा काकांचे म्हणणे खरे निघाले. डेटाबेसला दमवत होते ते ‘नाही’वाले प्रश्न. नसलेली नोंद शोधायला यंत्राला सारा साठा चाळावा लागे आणि पाठ करायला हाती काहीच लागत नसे. तेव्हा तिने ठरवले की ‘नोंद नाही’ हेही एक उत्तरच आहे, तेही पाठ करून ठेवावे. त्याची मुदत तिने तीन दिवसांची धरली. नवी नोंद आलीच, तर फार तर तीन दिवस उशिरा कळेल. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांना तीन दिवस म्हणजे काही नाही. कार्यालयाच्या साहेबांना हे पटले. कामकाजावर देखरेख करणाऱ्या समितीलाही पटले. त्या वेळचे टिपण मी वाचले आहे. त्यावर कोणीही शंका काढलेली नाही, आणि त्या जागी मी असतो तर मीही काढली नसती.

तिने ‘नाही’साठी वेगळी मांडणी लिहिली नाही. सापडलेल्या नोंदींची होती तीच उचलून वापरली. वाचले की मुदत पुन्हा सुरू, हे कलम तिच्यासोबत आपसूक आले. ‘विसरा’ हा निरोप तर दाखल क्रमांकाने नव्हे, नोंदीच्या क्रमांकाने जात असे. जी नोंदच नाही तिला क्रमांक कुठून असणार? म्हणजे ‘नाही’ला पुसणारा निरोप कधी येणार नव्हता, त्याने आपल्या मुदतीने मरावे एवढाच मार्ग होता. आणि कोणी विचारत राहिले, तर ते मरणार नव्हते.

चाचणी घेतली होती. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण निष्काळजीपणाचा आरोप इथे टिकत नाही. तीन दिवस थांबणे शक्य नव्हते म्हणून मुदत तीन मिनिटांवर आणली. आधी प्रश्न विचारला, ‘नाही’ आले. मग नोंद घातली. तीन मिनिटे थांबून पुन्हा विचारले, नोंद दिसली. व्यवस्था उत्तीर्ण. मधल्या वेळात मात्र कोणी काही विचारले नाही. का, असे मी पटकनबाईला विचारले.

“मध्ये विचारलं तर चाचणी बिघडेल, असं वाटलं,” ती म्हणाली. “हात न लावता बघायची असते ना.”

खिडकीवरचा फरक पहिल्याच सकाळी दिसला. गोल फिरायचा थांबला. माणसे येत, ऐकत, जात. साहेबांनी बैठकीत तिचे कौतुक केले. काका म्हणाले, “बाई, आता लोकांना रडायला सुद्धा वेळ मिळत नाही, इतकं झटपट काम झालंय.” ती हसली होती. ते हसणे तिला आता आठवते आणि नकोसे होते.

खिडकीवर रोज येणाऱ्यांत एक बाई होती. रुग्णालयाच्या कपडेखोलीत फाटलेल्या चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवण्याचे तिचे काम. पाळी सुरू होण्याआधी ती कार्यालयावरून जाई. काकांनी तिचे नाव ‘रोजच्या ताई’ ठेवले होते आणि ती विचारत असलेला दाखल क्रमांक त्यांना पाठ होता. ती शोधत होती धाकट्या भावाला. बालगृहात त्याला सगळे ‘बटण्या’ म्हणत, कारण सदऱ्याची बटणे चघळायची त्याला खोड होती आणि ती तुटली की ही बसून शिवून द्यायची. बालगृह बंद झाले तेव्हा भावाला एका कुटुंबाने नेले. हिला नेले नाही, कारण त्यांना एकच मूल हवे होते.

तिने स्वतःचा पत्ता कधी नोंदवला नाही. सासरी तिने सांगितले होते की आपण मावशीकडे वाढलो. लग्न ठरताना बोललेले ते खोटे इतकी वर्षे निस्तरता आले नव्हते. दारात भावाचे पत्र आले असते तर सासूबाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असता, ते तिला माहीत होते. तेव्हा तिच्यापुरता एकच मार्ग उरला : त्याने नोंदवावे आणि हिने विचारावे. एवढ्याच धाग्यावर तिची सारी आशा होती.

सकाळचे त्यांचे बोलणे ठरलेले असे.

“काय काका, आज तरी?”

“बघतो. कालपासून जग काही इतकं बदललेलं नाही म्हणा.” काका बोटे चालवत. “नाही हो ताई.”

“बरं. उद्या येते.”

“उद्या नाही आलात तर मी रजा टाकीन. तुमच्यावाचून कार्यालय उघडल्यासारखं वाटत नाही.”

एकदा ती तापाने आडवी झाली. सलग काही दिवस येता आले नाही. तिने शेजारणीच्या फोनवरून काकांना विचारले आणि काकांनी तिला दिलासा दिला, “तुम्ही पडून राहा. मी रोज बघत जाईन, काही असलं तर कळवीन.” आणि त्यांनी खरेच रोज पाहिले. नियमाने तसे करायची मुभा नव्हती, पण काकांनी माणुसकीला नियमाच्या वर ठेवले.

काही महिन्यांनी रुग्णालयाने तिला नवे शिवणयंत्र शिकायला दोन दिवसांसाठी दुसऱ्या गावी पाठवले. तिथेही शोधकार्यालयाची शाखा होती. सवयीने तिची पावले तिकडे वळली. खिडकीवर अनोळखी मुलगी होती. तिने क्रमांक टाकला आणि वाचून दाखवले : “पूर्वी नोंद होती. नोंदवणाऱ्याने ती मागे घेतली आहे.”

“पुन्हा वाचा,” ताई म्हणाली.

मुलीने पुन्हा वाचले. नोंद जवळपास पाच महिने उभी होती आणि दोनच आठवड्यांपूर्वी मागे घेतलेली होती. मागे घेतलेल्या नोंदीचा पत्ता पडद्यावरून पुसला जातो. त्यामुळे त्याहून अधिक काही सांगण्यासारखे तिच्याकडे नव्हते.

परत आल्यावर ताई आपल्या खिडकीवर गेली, पण “आज तरी” म्हणाली नाही.

“काका, माझ्या भावाची नोंद होती,” ती म्हणाली. “पाच महिने. तुम्ही मला रोज नाही म्हणालात.”

काकांनी घाईघाईने क्रमांक टाकला. पडदा क्षणात बोलला : नोंद नाही.

“हे बघा ना,” काका म्हणाले. “आत्ताही नाहीच म्हणतंय.”

“मग दोघांपैकी एक यंत्र खोटं बोलतंय. आपलं खरं की खोटं ते बघा.”

पटकनबाईला खाली बोलावले. ती नेहमीसारखी दोन पायऱ्या एकदम उतरत आली, पडद्याकडे पाहिले आणि मुख्य डेटाबेसला थेट प्रश्न टाकला. तिथून दुसरेच उत्तर आले. तिने ताईकडे पाहिले, मग काकांकडे.

“ह्या किती दिवसांनी येतात?”

“किती दिवसांनी काय? रोज,” काका म्हणाले. “सूर्य चुकेल, ताई चुकायच्या नाहीत.”

पटकनबाईने पडद्यावरचा क्रमांक कागदावर उतरवून घेतला. मग ती ताईला म्हणाली, “यंत्राची चूक झालीय. मी तपास करते.” आणि जिना चढून गेली, एकेक पायरी.

तपास तिने त्या दुपारीच संपवला. तिला समजायचे ते खिडकीजवळ उभी असतानाच समजले होते. वर जाऊन तिने फक्त खात्री केली. दुरुस्ती काही ओळींचीच होती : नवी नोंद आली की तिच्या दाखल क्रमांकाखालचे ‘नाही’ सगळ्या शाखांनी पुसावे आणि वाचल्याने ‘नाही’ची मुदत वाढू नये. मग तिने मागे जाऊन पाहिले की आणखी कोणाचे असे झाले. थोड्यांचे झाले होते, पण निभावले होते. कोणी आजारी पडले, कोणी कंटाळले, कोणी गावाला गेले. मध्ये तीन दिवसांहून अधिक खंड पडला की शिळे ‘नाही’ आपोआप गळून पडले आणि पुढच्या खेपेस खरे उत्तर मिळाले. त्या काळात कार्यालयाला तीन दिवसांहून लांब सुट्टी आली नव्हती. शाखेचा सर्व्हरही एकदाही बंद पडला नव्हता, याचा तर पटकनबाईला अभिमान होता. बंद पडला असता तर पाठ केलेले सारे पुसले गेले असते. जो चुकूनमाकून विचारत होता त्याला उत्तर मिळाले. जिने एकही दिवस चुकवला नाही, फक्त तिला मिळाले नाही. तिनेच ते ‘नाही’ रोज सकाळी नव्याने जगवले.

साहेबांनी अहवालात ‘तांत्रिक त्रुटी, दुरुस्त’ एवढे शब्द सुचवले. ते शब्द खोटे नव्हते.

घरी तिने नवऱ्याला सगळे सांगितले. तो जेवणाच्या मेजावर चष्म्याचा दांडा बसवत होता.

“त्यांना मी चूक आमची म्हणून सांगितलंय,” ती म्हणाली. “पण रोज विचारल्यामुळे झालं, हे नाही सांगितलं.”

“मग नको सांगूस.”

“अर्धवट सांगणं म्हणजे लपवणंच झालं.”

“हे बघ,” तो काचेवर फुंकर मारत म्हणाला, “सांगितलंस की तुझं मन हलकं होईल आणि तिचं जड. ओझं तेच राहतं, फक्त खांदा बदलतो. तू कोणासाठी सांगणार आहेस ते आधी ठरव.”

“तिनं आणखी कुठून ऐकलं तर?”

“कोण सांगणार? तुझ्याशिवाय हे समजतं कोणाला?”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “समजायला कशाला हवं? ह्या घरात कुजबुजलेलं पलीकडच्या इमारतीत ऐकू जातं. आणि सूनबाई, सांगायचं असेल तर सावकाश सांग. एवढं एक काम तरी पटकन नको करूस.”

तिच्यापुढे आणखी एक मोह होता, आणि तो तिने माझ्यापाशी न विचारता मान्य केला. पडद्यावरून पुसलेला पत्ता डेटाबेसच्या जुन्या राखीव प्रतींत काही काळ शिल्लक असतो, आणि त्या प्रती उघडण्याचा अधिकार तिच्याकडे होता. भावाचा पत्ता ताईच्या हातावर ठेवला असता तर एका अर्थी चूक फिटली असती. तिने प्रत उघडली नाही. “पहिलं ‘नाही’ माझ्या यंत्राचं होतं,” ती म्हणाली. “नोंद मागे घेतली ते ‘नाही’ त्याचं स्वतःचं. एक खोटं ‘नाही’ केल्यावर दुसरं खरं मोडायचा मला काय हक्क?” त्याऐवजी कार्यालयाने भावाला पत्र पाठवावे, असा तिने साहेबांकडे अर्ज केला.

“मागे घेतलेली नोंद म्हणजे आतून कडी लावलेलं दार, बाई,” साहेब म्हणाले.

“बाहेर कोणी आलंच नाही असं वाटून लावली असेल तर, साहेब?”

“आणि तसं नसेल तर?”

तरीही तिने अर्ज मागे घेतला नाही. अखेर समितीने एकच पत्र पाठवायला परवानगी दिली. मजकूर समितीने ठरवला, पाकिटावर कार्यालयाचे नाव नको असे ठरले आणि पत्ता पाहण्याचे काम पटकनबाईला न देता दुसऱ्याकडे दिले. त्यात लिहिले होते की आपली नोंद उभी असताना आमच्या दोषामुळे एका विचारणाऱ्यास ती दिसली नाही; इच्छा असल्यास पुन्हा नोंदवावे. विचारणारे कोण, हे लिहिले नव्हते.

पत्र गेल्यावर ती रुग्णालयात गेली. कपडेखोली तळमजल्यावर, भट्टीच्या शेजारी. तिथे उन्हात वाळवल्यासारखा कोरडा वास आणि दोन यंत्रांचा एकसारखा आवाज. ताई चादरीच्या कडा दुमडत होती. पटकनबाई समोरच्या बाकावर बसली आणि तिने सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितले. पाठ केलेली उत्तरे, तीन दिवसांची मुदत, प्रत्येक विचारण्यागणिक ती पुन्हा सुरू होणे, सारे काही.

ताईने यंत्र थांबवले नाही, पायाचा वेग फक्त कमी केला.

“म्हणजे मी कमी विचारलं असतं तर?”

“तर कळलं असतं.”

“आठवड्यातून एकदा आले असते तर?”

“तरीही. आठवड्याच्या आत.”

शिवण कडेला पोहोचली. तिने दोरा दाताने तोडला. “माझी जाऊ म्हणते की मी कुठल्याही गोष्टीचा पिच्छा सोडत नाही म्हणून ती बिघडते,” ती म्हणाली. “तिला बरं वाटेल हे ऐकून. पण तिला सांगता येणार नाही.”

“चूक तुमची नाही, ताई. मी ते तसं लिहिलं.”

“तुम्ही लिहिलंत, मी चालवलं.” थोड्या वेळाने तिने मान वर केली. “मला ताप आला होता तेव्हा काका माझ्यासाठी रोज बघत होते. किती दिवस आले नव्हते मी?”

पटकनबाईला तो हिशोब माहीत होता. खंड तीन दिवसांहून मोठा होता. भावाची नोंद तेव्हा उभी होती. काकांनी पाहिले नसते तर ताईला बरे होऊन आल्या दिवशीच उत्तर मिळाले असते. ती बाकावरच्या चादरीची घडी घालू लागली आणि ताईला तेवढ्यावरून समजले.

“त्यांना हे सांगू नका,” ताई म्हणाली. “म्हातारे आहेत. चांगुलपणानं केलं त्यांनी.”

काकांना ते आधीच समजले होते. साहेबांच्या खोलीतले बोलणे खिडकीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही आणि ताईच्या तापाच्या त्या दिवसांचा मेळ घालायला काकांना संगणक लागला नाही. मी भेटलो तेव्हा ते निवृत्त झाले होते. “मला ठाऊक आहे, हे ताईंना कळू देऊ नका,” ते म्हणाले. “बिचारी मला वाचवतेय. वाचवू दे.” दोघांनीही हा मजकूर छापायला वेगवेगळी संमती दिली आहे, एकमेकांचे म्हणणे त्यात आहे हे माहीत असून. या विषयावर ती दोघे आजवर एकमेकांशी बोललेली नाहीत. निवृत्तीनंतरही काका अधूनमधून खिडकीवर येतात आणि ताईंची चौकशी करतात, पण क्रमांक टाकायला सांगत नाहीत.

पटकनबाई अजून त्याच खोलीत काम करते. तिची कामे आता वेळेत होतात, पण लवकर होत नाहीत. नवे काही लिहिले की चाचणीच्या मध्ये ती दहादा प्रश्न विचारून पाहते आणि सहकारी कुरकुरतात. बढती आली तेव्हा तिने ती नाकारली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, वरच्या जागेवरून खिडकी दिसत नाही. मला हे कारण पुरेसे वाटले नाही. नवऱ्याला विचारले तर तो म्हणाला, “ती स्वतःला शिक्षा करतेय आणि तिला वाटतंय की कोणाच्या लक्षात येत नाही.” सासूबाईंनी मात्र तक्रार केली की दूध आता खरोखरच उतू जाते, कारण सूनबाई त्याच्यापाशी उभी राहून कुठेतरी बघत असते.

ताई अजून येते, पण रोज नाही. दर पाचव्या दिवशी येते. मध्ये तीन दिवस पूर्ण जाऊ देते आणि वर एक दिवस सोडते. पटकनबाईने हे खिडकीवरच्या नव्या कारकुनाकडून ऐकले आणि एका सकाळी खाली येऊन तिला गाठले.

“ताई, आता रोज विचारलं तरी चालतं. मी दुरुस्त केलंय. स्वतः पन्नास वेळा पाहिलंय.”

“हो, तुम्ही सांगितलंत मला.”

“मग रोज का नाही येत?”

“आधीही तुम्हाला चालतंय असंच वाटत होतं ना?” ताईच्या आवाजात राग नव्हता, चादरीचे माप विचारावे तसे तिने विचारले. “तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण माझ्या विचारण्याची मला भीती वाटते. हे पाचव्या दिवशीचं बरं आहे. मधले दिवस मी त्याला मोकळं सोडते.”

पटकनबाईने तिला दुरुस्तीच्या ओळी छापून दाखवण्याची तयारी दाखवली. ताईने नम्रपणे नको म्हटले आणि कामाला गेली.

जे ज्ञात नाही ते असे. पाठवलेल्या पत्राला उत्तर आलेले नाही आणि पत्र परतही आलेले नाही; ते पोहोचले की नाही, सांगता येत नाही. नोंद मागे घेण्याच्या अर्जात कारण लिहायला जागा नाही. त्यामुळे बहीण विचारत नाही असे वाटून भावाने ती मागे घेतली, की आणखी कशामुळे, हे कोणालाही माहीत नाही. नोंद करणारा तो स्वतःच होता की त्याच्या वतीने दुसरे कोणी, याचीही खात्री कार्यालयाकडे नाही. ज्या राखीव प्रतीत पत्ता होता ती नियमानुसार पुसली गेली आहे. आणि त्या पाच महिन्यांत ताईला खरे उत्तर मिळाले असते तर भावंडे भेटलीच असती का, हे विचारण्यासारखी जागा माझ्या माहितीत नाही.